आप्पांचे दोनीकडचे कोंबडे

आप्पांना तीन तऱ्हेनं आरवता यायचं. गावठी कोंबड्यासारखं आरवणं कुणालाही जमतं. पण रानकोंबड्याचं ते तुटक, घाईघाईचं ‘कुक्-काय-काय-कुक्’ आप्पा असं काढायचे की समोरच्या डोंगरातून उत्तर यायचं. तिसरं आरवणं या दोघांच्या मधलं. सुरुवात साधी गावठी, आणि अर्ध्यावर कुणीतरी गळा आवळल्यासारखी ती तुटायची. "ह्यो दोनीकडचा," असं म्हणून ते डोळा मिचकावायचे. साठी ओलांडलेला, मिशाळ, ताडमाड माणूस पडवीत बसून आरवतो आहे आणि पेणच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी मी ते वहीत लिहून घेते आहे, हे आठवलं की माझं मलाच हसू येतं. आणि हसू ओसरायच्या आत राग येतो.

रागाचं कारण आधीच सांगून टाकते, उगीच ताटकळत ठेवायला मला आवडत नाही. आप्पांनी मला फसवलं. तेही माझ्याच विषयात. तीस वर्षं जे मी फळ्यावर लिहीत आले त्यातलीच दोन-चार वाक्यं उचलून त्यांनी मला गुंडाळलं आणि वर माझी सही घेतली. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याचं नाव टाकलं असतं आणि मोकळी झाले असते. आप्पांचं नाव टाकता येत नाही, म्हणून तर हे लिहायला बसले.

आमची ओळख निडीची. परीक्षेच्या कामाला मी रोह्याला निघाले होते. निडी स्टेशनात गाडी थांबली आणि फलाटावरच्या एका टोपलीतून असं काही आरवणं आलं की मी खिडकीतून अर्धी बाहेर आले. टोपलीवर धोतराचं फडकं बांधलेलं होतं. टोपली घेऊन आप्पा माझ्याच डब्यात चढले आणि समोर बसले. मी विचारलं, "काय आहे हो यात?"

"कोंबडा."

"कसला कोंबडा?"

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "त्येवडंच तर कुनाला सांगता येत नाय," ते म्हणाले आणि फडक्याचं एक टोक सोडलं. आतला पक्षी पाहून मी पेपर, परीक्षा सगळं विसरले. तुरा गावठी कोंबड्याचा, अंग रानकोंबड्यासारखं राखी, मानेवर फिकट ठिपके, पाय हळदीसारखे पिवळे. "आई आमच्या खुराड्यातली, बाप डोंगरातला," आप्पांनी ओळख करून दिली. "याचं नाव पाव्हना. रोह्याजवळ वरश्याला लेक दिलीय, तिला दाखवायला नेतोय." रोहा येईपर्यंत त्यांच्या घरी जायचा दिवस मी ठरवून टाकला होता.

त्यानंतर तीन वर्षं, पावसाळा सोडला तर, महिन्यातून एखादा रविवार तरी मी त्यांच्याकडे जात असे. निडीपासून आत चालत अर्धा तास, डोंगराला अगदी चिकटून घर. पुढे भाताची खाचरं, भात निघालं की त्यातच वाल. मागे काटक्यांचा कूड, त्यापलीकडे लगेच रान. कोंबड्या चरता चरता रानात शिरायच्या आणि रानातले कोंबडे कधीमधी कुडापर्यंत उतरायचे. "कुड मानसांसाठी घातलाय बाई, कोंबड्यांना त्यो दिसत नाय," आप्पा म्हणायचे. आप्पांची बायको, जिला मी काकी म्हणायचे, ती मला पाहिली की आतूनच ओरडायची, "बस गो, च्या ठेवते. हे काय आता तुला सोडायचे नाय." आणि आप्पा खरंच सोडायचे नाहीत.

वर्गात मी प्रजातीची व्याख्या शिकवायचे ती अशी: ज्यांच्या संयोगातून झालेली पिल्लं पुढे स्वतःही पिल्लं देऊ शकतात, ते एका प्रजातीचे. घोडा आणि गाढव यांच्यापासून खेचर होतं, खेचराला पुढे काही होत नाही, म्हणून घोडा वेगळा आणि गाढव वेगळं. मुलं हे घोकून मार्क मिळवायची. मी हे आप्पांना मोठ्या ऐटीत ऐकवलं. त्यांनी शांतपणे खुराड्याकडे बोट दाखवलं. एक गावठी कोंबडी पाच पिल्लं घेऊन माती उकरत होती. "ह्या पोरांचा बाप पाव्हना. आता तुमची व्याख्या कुटं जाती?" रानकोंबडा वेगळा आणि गावठी वेगळा हे पुस्तकात होतं, त्यांचे संकर कधी कधी पुढे वाढतात हेही मी वाचलं होतं, पण डोळ्यांसमोर माती उकरताना ते कधी पाहिलं नव्हतं. सोमवारी वर्गात मी व्याख्या सांगून झाल्यावर म्हटलं, "बहुतेक वेळा." मुलांनी तेही लिहून घेतलं.

आप्पांची स्वतःची व्याख्या होती. "रगात इच्यारू नका. सांजेला कुटं बसतो ते बघा." गावठी दिवेलागणीला मुकाट्यानं खुराड्यात शिरते. रानातला झाडावर चढतो. दोनीकडचा खुराड्याच्या दारापर्यंत येतो, आत डोकावतो, आणि उडून घराच्या कौलांवर जाऊन बसतो. मी स्वतः पाव्हण्याला कौलांवर बसलेला पाहिला आहे. खाली काकी त्याला शिव्या घालते आहे, कारण त्याच्यामुळे दोन कौलं सरकली, आणि तो पिसं फुलवून बसला आहे. माणसांनाही आप्पा हेच माप लावायचे. कंपनीत कामाला जाणाऱ्या पुतण्याबद्दल म्हणायचे, "शिफ्ट सुटली की तो रोह्यातच बसतो, घरी येत नाय. त्यो आता तिकडचा."

एकदा मी त्यांना सांगितलं, गावठी कोंबड्यांचे पाय पिवळे असतात ना, तो गुण मुळात आपल्या या राखी रानकोंबड्याकडून आला असं शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे फार पूर्वी कुठेतरी हे दोघं एकत्र आले असणार. आप्पांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे तुमच्या पुस्तकातली कोंबडी पन रानात जाऊन आलीच की!" ते इतके खूश झाले की येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून कोंबड्यांचे पाय दाखवायला लागले. मला वाटलं, इतक्या वर्षांत असा विद्यार्थी मिळाला नाही.

विद्यार्थी मिळाला म्हणून मी शिकवत गेले. चूक असेल तर ती ही. नराच्या मानेची पिसं हातात घेऊन मी त्यांना दाखवलं. खऱ्या रानकोंबड्याच्या मानेच्या पिसावर पांढरे ठिपके असतात आणि अगदी टोकाला मेणासारखा पिवळा थेंब. संकरात ठिपके फिके होतात आणि टोकाचा थेंब बहुधा नसतोच. "म्हंजे पिवळा थेंब असला तर रानातला," आप्पांनी माझ्याकडून वदवून घेतलं. "आनि नसला तर दोनीकडचा." मी म्हटलं, साधारण असंच. त्यांनी ते पीस माझ्याकडून मागून घेतलं आणि टोपीच्या घडीत ठेवलं. शिकायची किती हौस, असं मी घरी येऊन सांगितलं होतं.

वालाच्या शेंगा भरल्या की आप्पांकडे पोपटी व्हायची. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेले कोंबडीचे तुकडे, आणि तोंड बंद करून मडकं उलटं आगीत. तिसऱ्या वर्षी उन्हं कलताना मडकं फोडलं. मांस चिवट लागलं, काळसर होतं. मी विचारलं तर आप्पा म्हणाले, "दोनीकडचा व्हता. पाय मोडला, म्हनून कापला." काकी उठून आत गेली. मी मात्र संकराचं मांस कसं लागतं हेही वहीत लिहिलं. ती वही मी नंतर फाडली.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी एका सकाळी आप्पांचा फोन आला. गावातल्या कुणीतरी तक्रार केली होती की आप्पा रानकोंबडे पकडून ठेवतात. रानकोंबडा पाळणं गुन्हा आहे, हे मी सांगायला नको. वनखात्याचा गार्ड अंगणात येऊन बसला होता. "बाई, तुमी या. मी सांगून ह्यांना पटत नाय, तुमचं ऐकतील." मी मिळेल ती गाडी पकडून गेले. कोंबड्या झाकायच्या डाल्यांखाली सात नर होते. एक पाव्हणा आणि बाकी सहा. मी एकेकाची मान फुलवून पाहिली. ठिपके होते, पण टोकाला पिवळा थेंब एकालाही नव्हता. अर्धीच खूण, संकरात असते तशीच. गार्ड भला माणूस होता. म्हणाला, "बाई, तुम्ही लिहून द्या, मी जातो." मी लिहून दिलं. हे सर्व पक्षी संकर असून रानकोंबडे नाहीत. खाली सही, कॉलेजचं नाव, शिकवण्याची वर्षं. इतक्या वर्षांत माझ्या विषयाचा कुणाला असा उपयोग झाला नव्हता. परतीच्या गाडीत मी एकटीच हसत बसले होते.

पावसाळ्यात मी कधी जात नसे. आवणीच्या, भातलावणीच्या दिवसांत कुणाला माझ्याशी बोलायला वेळ? पण त्या वर्षी मी निवृत्त झाले होते आणि सहीच्या दिवशी काढलेले त्या सात कोंबड्यांचे फोटो मोठे करून घेतले होते. ते आप्पांना द्यावेत म्हणून आषाढात छत्री सावरत गेले. आप्पा खाचरात होते. काकीनं मला बसवलं, आणि मी बसल्या जागेवरून पडवीतल्या डाल्यांकडे पाहिलं. आता पाचच पक्षी होते. पाव्हण्याची मान होती तशीच होती. बाकी चौघांच्या मानेची लांब पिसं गळून तिथे आखूड, काळी पिसं आली होती.

रानकोंबडा दर पावसाळ्यात मानेचा तो साज उतरवतो. गावठी उतरवत नाही, आणि संकरही सहसा उतरवत नाही. हेही मी तीस वर्षं शिकवलं होतं. फक्त आप्पांना सांगायचं राहिलं होतं. मी एकाला बाहेर काढून पाहिलं. काळ्या पिसांत एक जुनं लांब पीस अजून शिल्लक होतं. त्याचं टोक कात्रीनं सरळ कापलेलं होतं. फेब्रुवारीत मी ठिपके मोजले होते, टोकावरून बोट फिरवलं नव्हतं. आप्पांच्या अंगणात तसं करावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

आप्पा चिखलाच्या पायांनी आले. माझ्या हातातला पक्षी पाहून पायरीवरच थांबले.

"आप्पा, ही पिसं कुणी कापली?"

"मीच." त्यांनी क्षणभरही आढेवेढे घेतले नाहीत. "तुमीच म्हनला व्हता, पिवळा थेंब असला तर रानातला. मंग थेंब काढला."

"हे सगळे रानातले आहेत?"

"पाव्हना सोडून."

मग सगळं बाहेर आलं. पाव्हण्याला दोरीनं रानाच्या कडेला बांधायचं. तो आरवला तर ठीक, नाही आरवला तर आप्पा आरवायचे. आपल्या हद्दीत हा कोण उपरा, म्हणून रानकोंबडा भांडायला धावून यायचा आणि वाटेत लावलेल्या फासात अडकायचा. हायवेकडच्या फार्महाऊसवर मुंबईची माणसं येतात, त्यांना खायला रानातलंच काहीतरी हवं असतं. सातातले दोन तिकडेच गेले होते. "आणि पोपटीतला?" मी विचारलं. आप्पा पायांचा चिखल पायरीला पुसत राहिले.

"मला का बोलावलंत? मला का सही करायला लावलीत?"

"तुमच्यावर कुनी शंका घेत नाय, बाई," ते म्हणाले, अगदी सरळ, जणू कौतुकच करताहेत. "म्हनून तुमाला बोलावलं."

काकी दारात उभी होती. "मी म्हनलं व्हतं यांना, बाईला यात वढू नका," ती म्हणाली. "गो, पाया पडते तुज्या, रागवू नको." मी तिच्यावरही रागावले. मडकं फुटलं तेव्हा ती उठून आत का गेली होती, हे मला आत्ता कळत होतं. फोटो तिथेच पडवीत टाकले आणि भिजत स्टेशनवर आले. रडू आलं ते आप्पांनी शिकार केली म्हणून नाही. डोंगराकडेला राहणारी माणसं काय करतात ते मला ठाऊक आहे. मी त्यांना माझा विद्यार्थी समजत होते आणि ते माझ्याकडून कात्री कुठे चालवायची ते शिकत होते, म्हणून आलं.

चार दिवस मी काही केलं नाही. सही माझी होती, ती खोटी होती, आणि ती कुठल्याशा फायलीत खरी म्हणून बसली होती. पाचव्या दिवशी वनखात्याच्या कचेरीत जाऊन दुसरा कागद लिहून दिला. माझी आधीची पाहणी चुकली, पाव्हणा सोडून चारही पक्षी रानकोंबडे आहेत. गार्डनं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, "बाई, हा शेवटचा ना?" त्यानं थट्टा केली नव्हती, पण माझे कान तापले. आप्पांवर केस झाली. गावात म्हणे ते एवढंच बोलले की बाईंनीच लिहून दिलं. आधीचा कागदही बाईंनीच दिला होता, हे कुणी बोललं नाही.

वरून परवानगी आल्यावर पक्षी सोडायचे ठरले. मला खात्री करून द्यायला बोलावलं होतं आणि आप्पांना हजर राहायला सांगितलं होतं. त्यांच्याच कुडामागे, रानाच्या तोंडाशी, गार्डनं एकेक पिंजरा उघडला. पहिला तीरासारखा गेला. दुसरा, तिसरा, तेही गेले. चौथा बाहेर आला, अंग झटकलं आणि सरळ आप्पांच्या पायाशी येऊन उभा राहिला.

"ह्यो अंड्यातून माज्याकडं हाय," आप्पा म्हणाले. आषाढानंतर ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते. "रानात अंडं घावलं, खुडूक कोंबडीखाली ठिवलं. ह्यानं डोंगर बगितलाच नाय, बाई. ह्याला ऱ्हाऊ द्या."

गार्ड माझ्याकडे वळला. "कागदावर जात लिहायची आहे. रानातला की गावातला?"

"सांगा बाई," आप्पा म्हणाले. "तुमची सही चालते."

त्यांनी टोमणा मारला की हात जोडले, हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं नाही. पूर्वी कळलं असतं. पण आता त्यांच्या तोंडावर माझा विश्वास उरला नव्हता. हा पक्षी काही दिवस पिंजऱ्यात ठेवून हळूहळू सोडा, किंवा कुठल्या केंद्रात पाठवा, असं मला म्हणता आलं असतं. मला ते सुचलंही होतं. पण मला पुन्हा फसायचं नव्हतं. "रानकोंबडा," मी म्हटलं. "शंभर टक्के." ते खरंच होतं. गार्डनं काठीनं त्याला हुसकावलं. तो परत आला. पुन्हा हुसकावलं, पुन्हा आला. तिसऱ्यांदा गार्डनं ढेकूळ मारलं, तेव्हा तो पळत झाडीत शिरला. आप्पा पाठ करून उभे होते. मी सही केली.

दहा-बारा दिवसांनी आप्पा पेणला माझ्या घरी आले. फाटकाच्या आत आले, पण पायरी चढले नाहीत. पाऊस थांबला होता, तरी टोपी भिजलेली होती.

"चार दिस येत व्हता," ते म्हणाले. कोण ते विचारावं लागलं नाही. "कुडावर बसायचा, वरडायचा. गार्ड म्हनला व्हता, आत घेतलास तर परत केस. नाय घेतला. हिनं दानं टाकलं तर मी हिच्यावर वरडलो. पाचव्या दिशी कुडाखाली नुसती पिसं. मुंगसानं नेला."

त्यांनी टोपी काढून पिळली आणि परत डोक्यावर ठेवली.

"म्हनलं, तुमाला सांगावं. कागदात तुमी बरोबर लिवलंत, बाई. त्यो रानातलाच व्हता."

मी त्यांच्या आवाजात कुचका सूर शोधला. सापडला असता तर बरं वाटलं असतं. फाटकाबाहेर गेल्यावर त्यांनी कडी नीट लावली आणि स्टेशनच्या रस्त्याला लागले. मी त्यांना आत या म्हटलं नाही.